बेडक्यात जंतू सापडले म्हणजे क्षयच असे नाही

"डॉक्टर, एक दिवसही गोळ्या चुकवल्या नाहीत. सहा महिने पुरे केले. मग हे जंतू जात का नाहीत?"

२०२२ सालच्या पावसाळ्यात एका निवृत्त शिक्षकांनी मला हा प्रश्न विचारला. वय ६४. १९९८ साली त्यांना क्षय झाला होता आणि पूर्ण उपचार घेऊन ते बरेही झाले होते. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात त्याचा व्रण तेवढा राहिला होता. २०२१ च्या अखेरीस पुन्हा खोकला सुरू झाला, वजन उतरले, संध्याकाळी कणकण येऊ लागली. खासगी प्रयोगशाळेत बेडका तपासला. अहवाल आला, 'ए.एफ.बी. पॉझिटिव्ह'. जुना दुखणाईत, त्यात हा अहवाल. क्षय उलटला असे समजून मी क्षयाची औषधे सुरू केली. पहिले दोन-तीन महिने त्यांना बरे वाटले. मग खोकला परत आला, आणि सहा महिने संपले तरी बेडक्यात जंतू होतेच.

सोबत त्यांच्या पत्नी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हे आता माडीवरच झोपतात. ताट-वाटी वेगळी करून घेतली आहे. नातू जिन्यात उभा राहून हाका मारतो, पण हे त्याला वर येऊ देत नाहीत."

माझ्याकडे उत्तर तयार होते : औषधांना दाद न देणारा क्षय असणार. त्याची खात्री करण्यासाठी मी बेडका सरकारी केंद्रात सी.बी.नाट तपासणीला पाठवला. ही तपासणी खरे तर पहिल्याच दिवशी करायला हवी होती. मी केली नव्हती. अहवाल आला, 'क्षयाचे जंतू आढळले नाहीत'. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल असे वाटून दुसऱ्यांदा पाठवला. उत्तर तेच. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्याच बेडक्यात तांबड्या काड्या स्पष्ट दिसत होत्या.

दोन तपासण्या, दोन उलट उत्तरे. पण चुकीची एकही नव्हती. चूक माझ्या गृहीत धरण्यात होती. ती कशी, हे आज वाचकांना सांगायचे आहे.

आडनाव एक, नावे अनेक

२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉक यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू दाखवला. हा जंतू मायकोबॅक्टेरिया नावाच्या मोठ्या कुळातला आहे. कुष्ठरोगाचा जंतूही याच कुळातला. या कुळाची खूण म्हणजे जंतूच्या अंगावरचे मेणासारखे जाड आवरण. प्रयोगशाळेत काचपट्टीवर बेडका पसरून त्यावर तांबडा रंग घालतात, मग आम्लाने धुतात. इतर जंतूंचा रंग धुऊन जातो, या कुळाचा जात नाही. म्हणून निळ्या पार्श्वभूमीवर तांबड्या काड्या दिसतात. 'ए.एफ.बी. पॉझिटिव्ह' या शब्दांचा अर्थ एवढाच, की आम्लाने धुऊनही रंग न सोडणारे जंतू सापडले.

म्हणजे सूक्ष्मदर्शक आपल्याला जंतूचे आडनाव सांगतो, नाव सांगत नाही.

या कुळात आजवर सुमारे दोनशे प्रकार ओळखले गेले आहेत. क्षयाचा गट आणि कुष्ठरोगाचे जंतू वगळून जे उरतात त्यांना 'नॉन-ट्युबरक्युलस मायकोबॅक्टेरिया', थोडक्यात एन.टी.एम. म्हणतात. मराठीत आपण त्यांना क्षयेतर जंतू म्हणू. त्यातले बहुसंख्य कोणाच्या वाटेला जात नाहीत. थोडे मात्र फुप्फुसात, त्वचेत, लसिकाग्रंथीत ठाण मांडून आजार करतात.

हे जंतू प्रयोगशाळेत पूर्वीही दिसत, पण बराच काळ त्यांना नमुन्यात मिसळलेली घाण समजून सोडून दिले जाई. १९५० च्या दशकात अमेरिकेतील क्षयरोग रुग्णालयांतून वेगळी माहिती पुढे आली. कॅन्सस सिटी येथे १९५३ मध्ये काही रुग्णांच्या फुप्फुसातून एक पिवळा रंग धरणारा जंतू वेगळा काढण्यात आला; त्याला पुढे 'कॅन्ससाय' हे नाव पडले. जॉर्जिया राज्यातील बॅटी रुग्णालयात क्षयरोगी म्हणून दाखल झालेल्या काही जणांचा जंतू मुळात क्षयाचा नव्हताच. १९५९ मध्ये अर्नेस्ट रनियन यांनी अशा जंतूंचे वाढीचा वेग आणि रंग यांवरून चार गट पाडले. १९८० नंतर एड्सची साथ आली, तेव्हा यांतील 'एव्हियम' हा जंतू प्रतिकारशक्ती संपलेल्या रुग्णांच्या रक्तात पसरलेला सापडू लागला. तेव्हापासून या जंतूंवर खऱ्या अर्थाने संशोधन वाढले.

हे राहतात कुठे ?

क्षयाचा जंतू माणसाकडून माणसाकडे येतो. क्षयेतर जंतूंचे घर मात्र पाणी आणि माती हे आहे. नदी, विहीर, नळाच्या वाहिन्या, पाण्याच्या टाक्या, बागेतली ओली माती, सगळीकडे ते असतात. वाहिनीच्या आतल्या बाजूला जो बुळबुळीत थर बसतो, त्यात ते आरामात वाढतात. नळाच्या पाण्यात असते तेवढ्या क्लोरिनने ते सहसा मरत नाहीत. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये नऊ शहरांतील स्नानगृहांचे शॉवर तपासले. शॉवरच्या जाळीच्या आत साचलेल्या थरात यांतले काही जंतू वाहत्या पाण्यापेक्षा शंभरपटीहूनही अधिक दाटीने आढळले.

आपल्या देशातला एक जुना अनुभवही येथे सांगण्यासारखा आहे. तामिळनाडूतील चेंगलपट्टू भागात १९६८ पासून बी.सी.जी. लशीची फार मोठी चाचणी घेण्यात आली. प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून या लशीने तेथे संरक्षण मिळाले नाही. तसे का झाले याची जी कारणे तज्ज्ञांनी मांडली, त्यांतले एक असे, की त्या भागातील लोकांचा पाण्या-मातीतील क्षयेतर जंतूंशी लहानपणापासूनच संबंध येत होता, त्यामुळे लशीचा वेगळा परिणाम दिसायला वाव राहिला नाही. यावरून कोणी बाळाची बी.सी.जी. टाळू नये. लहान मुलांना होणाऱ्या मेंदूच्या व अंगभर पसरणाऱ्या क्षयापासून ती लस संरक्षण देते. सांगायचे एवढेच, की हे जंतू परदेशी नाहीत, ते आपल्या अंगणातच आहेत.

मग सर्वांना आजार का होत नाही ? कारण निरोगी फुप्फुस त्यांना टिकू देत नाही. ज्यांच्या फुप्फुसात जुन्या क्षयाचे व्रण किंवा पोकळी आहे, ज्यांच्या श्वासनलिका कायमच्या रुंदावल्या आहेत, जे वर्षानुवर्षे विडी-सिगारेट ओढत आले आहेत, ज्यांनी खाणीत दगडाची धूळ खाल्ली आहे, त्यांच्या छातीत या जंतूंना जागा मिळते. सडपातळ बांध्याच्या, पन्नाशी उलटलेल्या, कधीही धूम्रपान न केलेल्या स्त्रियांमध्येही हा आजार आढळतो. एच.आय.व्ही.मुळे किंवा स्टिरॉइडसारख्या औषधांमुळे ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे, त्यांनाही धोका अधिक.

लक्षणे मात्र हुबेहूब क्षयासारखी : महिनोन्‌महिने खोकला, थकवा, वजन घटणे, बारीक ताप, कधी बेडक्यातून रक्त. छातीच्या फोटोतही फरक कळेलच असे नाही. म्हणून फसगत होते.

नाव कसे कळते ?

सी.बी.नाट आणि गोव्याच्या कंपनीचे ट्रूनॅट या दोन्ही तपासण्या जंतूची जनुकीय ओळख पटवतात, आणि त्या फक्त क्षयाच्या गटाची ओळख पटवतात. सूक्ष्मदर्शकाखाली भरपूर जंतू, पण सी.बी.नाटमध्ये क्षय नाही, असा अहवाल आला तर क्षयेतर जंतूंचा विचार झालाच पाहिजे.

पुढची पायरी म्हणजे कल्चर. बेडका पोषक द्रवात ठेवून जंतू वाढवायचे आणि मग त्यांचे नेमके नाव शोधायचे. याला काही आठवडे लागतात. रुग्णाला हा वेळ फार वाटतो, पण तो वाया जात नाही.

येथे उलट बाजूची चूकही होऊ शकते. हे जंतू पाण्यात असल्यामुळे चूळ भरताना किंवा बाटलीतूनही नमुन्यात येऊ शकतात. म्हणून एकदाच कल्चरमध्ये सापडले म्हणजे आजार झाला असे मानत नाहीत. लक्षणे हवीत, फोटोत किंवा सी.टी. स्कॅनमध्ये खुणा हव्यात आणि वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या बेडक्याच्या किमान दोन नमुन्यांत तोच जंतू सापडायला हवा. अमेरिका व युरोपातील चार वैद्यकीय संस्थांनी २०२० मध्ये मिळून जी मार्गदर्शक सूचना काढली, तीत हेच निकष आहेत. आजार सौम्य असेल तर काही रुग्णांना लगेच औषध न देता नियमित तपासणीखाली ठेवले जाते. फुप्फुसात पोकळी असेल किंवा साध्या तपासणीतच जंतू दिसत असतील, तर थांबून चालत नाही.

माझ्या शिक्षक रुग्णाच्या दोन्ही कल्चरमध्ये एव्हियम गटाचा जंतू सापडला, आणि स्कॅनमध्ये पोकळी होती.

जंतू बदलला की औषध बदलते

नाव एवढे महत्त्वाचे का, ते आता पाहू. क्षयाच्या नेहमीच्या चार औषधांपैकी आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड एव्हियम गटावर उपयोगी पडत नाहीत. रिफाम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल थोडेफार काम करतात. म्हणूनच माझ्या रुग्णाला सुरुवातीला बरे वाटले, आणि म्हणूनच माझी फसगत लांबली. या जंतूवरचे मुख्य औषध, म्हणजे अॅझिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन, क्षयाच्या औषधांत नसतेच. १९९० च्या दशकात ही औषधे हाती आल्यावर या आजाराचे उपचार पालटले. आज यांपैकी एक, जोडीला इथॅम्ब्युटॉल आणि रिफाम्पिसिन, अशी तीन औषधे देतात. पोकळी असेल तर सुरुवातीचे दोन-तीन महिने अॅमिकासिनची इंजेक्शने जोडतात. बेडक्याचे कल्चर निर्मळ झाल्यापासून पुढे बारा महिने औषधे चालू ठेवावी लागतात. म्हणजे एकूण दीड वर्षाची तयारी हवी.

कॅन्ससाय जंतूचे वेगळे. त्यावर क्षयाची आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल ही औषधे चांगली चालतात. 'अॅबसेसस' नावाचा जंतू सर्वांत चिवट. क्षयाच्या गोळ्यांना तो मुळीच दाद देत नाही. त्यातल्या अनेक वाणांमध्ये असे एक जनुक असते, की अॅझिथ्रोमायसिन सुरू केल्यावर काही दिवसांनी ते जागे होते आणि औषध निकामी करते. त्याला इंजेक्शने धरून तीन किंवा अधिक औषधे लागतात.

संशोधन चालू आहे. आपल्याकडे कुष्ठरोगावर परिचित असलेले क्लोफाझिमिन आता यातील काही रुग्णांना दिले जाते. १९५० च्या दशकात आयर्लंडमधील डब्लिन येथे व्हिन्सेंट बॅरी यांच्या गटाने ते क्षयासाठी म्हणून शोधले, उपयोगी पडले कुष्ठरोगाला, आणि आता या तिसऱ्या भावंडाच्या कामी येत आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत अॅमिकासिनचे फवाऱ्याने श्वासावाटे घ्यायचे रूप मान्य झाले. नेहमीच्या उपचारांना न जुमानणाऱ्या एव्हियम गटाच्या रुग्णांत ते जोडल्यावर सहा महिन्यांत शंभरांपैकी २९ जणांचे कल्चर निर्मळ झाले. ज्यांना ते दिले नव्हते त्यांच्यात सुमारे ९ जणांचे. प्रगती आहे, पण आकडा लहान आहे. एकदा आजार हट्टाला पेटला की तो आटोक्यात आणणे अवघड, हेच तो सांगतो. म्हणून पहिला उपचार नीट झाला पाहिजे.

यातली एक गोष्ट वाचकांच्या हातात आहे. छातीत हा आजार असताना एकटे अॅझिथ्रोमायसिन महिनोन्‌महिने घेतले, तर जंतू त्या औषधाला सरावतो आणि मुख्य शस्त्रच बोथट होते. आपल्याकडे खोकला झाला की औषधाच्या दुकानातून या गोळ्यांची पट्टी परस्पर आणण्याची सवय आहे. जुनाट खोकला असणाऱ्यांनी ती सोडावी.

टाक्यांच्या जागी न भरणारी जखम

हे जंतू फुप्फुसाबाहेरही त्रास देतात. पित्ताशयातील खड्यांचे किंवा अपेंडिक्सचे दुर्बिणीतून ऑपरेशन होते. जखम छान भरते, रुग्ण कामाला लागतो. तीन-चार आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, त्या छोट्या भोकाच्या जागी गाठ येते, पाण्यासारखा पू वाहतो. नेहमीच्या प्रतिजैविकांनी तात्पुरते सुकते आणि परत वाहू लागते. इंजेक्शनच्या जागी झालेले गळू महिनोन्‌महिने भरत नाही, तेव्हाही हाच संशय घ्यावा.

कारण बहुधा पाण्यात असते. दुर्बिणीची उपकरणे उष्णतेने खराब होतील म्हणून ग्लुटाराल्डिहाइड या द्रावणात बुडवून ठेवतात. वीस मिनिटे बुडवण्याने नेहमीचे जंतू मरतात, पण हे मेणाच्या आवरणाचे जंतू तग धरू शकतात. त्यातून बाहेर काढून उपकरण नळाच्या पाण्याने धुतले तर नव्याने जंतू चढतात. ब्राझीलमध्ये २००४ नंतरच्या काही वर्षांत अशा संसर्गाची मोठी साथ आली, तेव्हा तेथील जंतूचा वाण या द्रावणाच्या नेहमीच्या ताकदीला दाद देत नसल्याचे दिसून आले. उपकरणाचे सुटे भाग करून घासणे, शक्य ते सर्व ऑटोक्लेव्ह करणे आणि धुण्यासाठी निर्जंतुक पाणीच वापरणे, हा त्यावर उपाय आहे. अशी जखम घेऊन येणाऱ्याचा पू कल्चरला पाठवावा आणि विनंतीच्या कागदावर क्षयेतर जंतूंचा संशय स्पष्ट लिहावा, असे माझे माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगणे आहे. योग्य औषधे काही महिने दिली, गरज पडल्यास गाठ काढली, तर बहुतेक जखमा बऱ्या होतात.

वाचकांनी लक्षात ठेवावे

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्या देशात क्षयच फार अधिक आहे. बेडक्यात जंतू सापडले तर तो बहुधा क्षयच असतो. हा लेख वाचून कोणीही स्वतःच्या मनाने क्षयाच्या गोळ्या बंद करू नयेत.

दुसरी, औषधे सुरू करण्यापूर्वी सी.बी.नाट किंवा ट्रूनॅट करून घ्यावी. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात ती मोफत होते.

तिसरी, औषधे नियमित घेऊनही जंतू राहिले, तर कल्चर आणि जंतूचे नाव कळल्याशिवाय तोच कोर्स पुन्हा सुरू करू नये. डॉक्टरांना हे विचारण्यात संकोच नको.

चौथी, उपचार चालू असताना डोळ्यांकडे व कानांकडे लक्ष द्यावे. इथॅम्ब्युटॉलने तांबडा-हिरवा रंग ओळखणे कमी होऊ शकते, अॅमिकासिनने ऐकू येणे कमी होते. असे काही जाणवताच त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे.

पाचवी, ज्यांची छाती अशक्त आहे त्यांनी औषधी वाफेच्या यंत्रात, म्हणजे नेब्युलायझरमध्ये, नळाचे पाणी घालू नये. त्याचे भाग उकळून गार केलेल्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावेत. कोरडी माती उकरताना, कुंड्या भरताना नाकातोंडावर कापड बांधावे.

आणि शेवटची गोष्ट. फुप्फुसाचा हा आजार सहसा एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही. आधी क्षय नाही याची खात्री मात्र झालेली हवी.

हे शेवटचे वाक्य मी त्या शिक्षकांना सांगितले, तेव्हा त्यांनी ते मला दोनदा म्हणायला लावले. मग पत्नीकडे वळून म्हणाले, "म्हणजे हे सहा महिने उगाचच?" मी त्यांची माफी मागितली. शहरातील छातीरोग तज्ज्ञांच्या सल्ल्याने नवे उपचार सुरू झाले. चौथ्या महिन्यात कल्चर निर्मळ आले आणि त्यानंतर बारा महिने औषधे घेऊन २०२४ मध्ये ती थांबली. हे जंतू भोवतालीच असल्याने आजार पुन्हा होऊ शकतो, म्हणून ते ठरावीक काळाने बेडका तपासून घेतात.

ते हल्ली तपासणीला येतात तेव्हा नातू बरोबर असतो. आजोबांच्या बेडक्याची डबी मीच धरणार, असा त्याचा हट्ट असतो.